गुंडावरचं नाव

दिवाळीची साफसफाई म्हणजे आम्हा बायकांची वार्षिक परीक्षा. माळ्यावर चढायचं, वर्षभर ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही ते सगळं खाली काढायचं आणि मग कमरेवर हात ठेवून ठरवायचं, आता याचं करायचं काय? काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळीत आमच्या माळ्यावरून पितळेचा एक मोठा गुंड निघाला. सासूबाईंच्या वेळचा. घरात नळ आला तसा गुंड माळ्यावर गेला होता. काळा पडलेला, बुडाशी एक चेप. भंगारवाला दारात उभाच होता. पितळेला भावही बरा होता. वजन झालं, पैसे ठरले. मी आपली सवयीनं चिंचेच्या कोळानं गळ्याशी थोडं घासून पाहिलं, तर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली. बाईचं नाव. नुसतं नाव, पुढे आडनाव नाही, बापाचं नाव नाही. मला कळेचना ही कोण. या नावाची आमच्या घरात कुणी नव्हतीच!

संध्याकाळी यजमानांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही. शेवटी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या आत्येसासूबाईंना फोन लावला. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, की ते आमच्या सासूबाईंचंच माहेरचं नाव. लग्नात बदललं, त्यानंतर कुणी त्या नावानं हाक मारली नाही. मैत्रिणींनो, पोटच्या मुलाला आईचं पहिलं नाव माहीत नव्हतं, आणि ते नाव मी किलोच्या भावानं विकायला काढलं होतं! गुंड अर्थातच गेला नाही. भंगारवाला मात्र वैतागून गेला.

त्या रात्री मला राहून राहून पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण येत होती.

केळकर संग्रहालय मी पाहिलं ते एका लग्नाच्या निमित्तानं. आपली महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाला बसलं की थेट पुण्याला उतरवते, एवढं एक सुख आहे. बाकी प्रवास म्हणजे अख्खा दिवस आणि वर जवळजवळ रात्र. लग्न आटोपल्यावर एक दिवस हाताशी होता. बरोबरच्यांना लक्ष्मी रोड हवा होता, मला बाजीराव रोडजवळची ही वास्तू पाहायची होती. नाव वाचून माझी समजूत अशी, की कुणा राजाचा खजिना असणार. राजा दिनकर केळकर संग्रहालय! आमच्या गोंदियाकडे राजा म्हटलं की राजा भोज. पोवार समाजात तर त्याचा केवढा मान. म्हटलं, पुण्यातही असेल कुणी केळकर संस्थानिक.

आत गेल्यावर कळलं, की हा राजा म्हणजे सात वर्षांचं एक लेकरू. दिनकररावांचा एकुलता एक मुलगा. त्याचं नाव राजा. तो सातव्या वर्षी गेला आणि बापानं आयुष्यभर जमवलेल्या संग्रहाला मुलाचं नाव दिलं. म्हणजे पाटीवर जे लिहिलंय ते त्या मुलाचं पूर्ण नाव आहे. आधी स्वतःचं, मग वडलांचं, मग आडनाव, जसं शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं. हे लक्षात आल्यावर मी पाटीशी परत येऊन ते पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं होतं तेव्हा किती रुबाबदार वाटलं होतं!

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुण्यात त्यांचा चष्म्याचा व्यवसाय होता. लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं विकणारा हा माणूस. मनानं मात्र कवी. अज्ञातवासी या नावानं त्यांनी कविता लिहिल्या. कवितेचा नाद, इतिहासाचा नाद, आणि १९२० च्या सुमारास या दोहोंत तिसऱ्या नादाची भर पडली, जुन्या वस्तू गोळा करण्याची. हा तिसरा नाद पहिल्या दोघांना पुरून उरला. तेव्हापासून १७ एप्रिल १९९० ला वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले तोवर, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं, या माणसानं वस्तू जमवल्या. पुणेकर त्यांना काका केळकर म्हणत.

आता संग्रह करणारे आपल्या देशात पुष्कळ झाले. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय बघा, १९५१ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पण ते निजामाच्या दिवाण घराण्याचं वैभव. पैसा होता, माणसं होती, विलायतेहून वस्तू यायच्या. आपल्या नागपूरचा अजब बंगला १८६३ पासूनचा, तो इंग्रज सरकारनं उभारलेला. गोंदियाच्या किती पिढ्यांनी शाळेच्या सहलीत तिथे रांगेनं फिरून बघितलं असेल! केळकरांपाशी ना दिवाणगिरी होती, ना सरकार. मध्यमवर्गीय मिळकत, चष्म्याचं दुकान आणि शुक्रवार पेठेतलं घर. तेवढ्यावर त्यांनी वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या.

आणि वस्तू तरी कसल्या? मी हिरे-माणकं, सिंहासनं शोधत होते. समोर आलं ते आपलं स्वयंपाकघर! सोरे, झारे, विळ्या, पळ्या. दिवे तर इतक्या तऱ्हेचे की मोजता मोजता हरवून जावं. लामणदिवे, समया, हातात धरायच्या दिवट्या. एक अख्खं दालन अडकित्त्यांचं. घोड्याच्या आकाराचा, पोपटाचा, कुठे जोडप्याचा. सुपारी कातरायचं साधं हत्यार ते, पण घडवणाऱ्यानं जीव ओतलेला. कुंकवाचे करंडे, काजळाच्या डब्या, फण्या. आणि वज्री! टाचा घासायची वज्री, जी आपण न्हाणीघरात कोपऱ्यात टाकतो, तीसुद्धा किती देखणी. मुठीच्या जागी पक्षी, हत्ती, घोडा. बाईच्या भेगाळलेल्या टाचेसाठी कुणीतरी एवढा विचार केला होता, आणि पुढे कुणीतरी ती वज्री काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवण्याच्या लायकीची मानली.

मला वाटतं, केळकरांचं मोठेपण इथे आहे. ज्या काळी इतिहास म्हणजे तलवारी, ताम्रपट आणि तहनामे, त्या काळी त्यांनी बायकांच्या हातातल्या वस्तूंना इतिहास मानलं. शस्त्रं त्यांच्याही संग्रहात आहेत, पण वर्दळ जास्त घरगुती वस्तूंचीच. नाही तर लढाई कुणी जिंकली ते पुस्तकात असतंच. जिंकून आल्यावर त्याला कुणी कशावर बसवून, कशातून काय वाढलं, ते कुठे लिहिलेलं असतं?

ते गावोगाव फिरले. महाराष्ट्रात तर फिरलेच, गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडचा मुलूख, कुठून कुठून वस्तू आणल्या. कोरीव दारं, चौकटी, खिडक्या, चित्रकथीची चित्रं, वाद्यं, दौती, कुलपं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून ते दालन संग्रहालयात पुन्हा उभं केलं. एखादं भांडं पिशवीत घालून आणता येतं. पण लाकडी दाराची चौकट परगावाहून आणायची म्हणजे काय, ते ज्यांनी जुनं कपाट एका घरातून दुसऱ्या घरात नेलंय त्यांनाच कळेल!

तो काळही लक्षात घ्यायला हवा. संस्थानं गेली, इनामं गेली, मोठाले वाडे पोसणं जड झालं. आपल्याकडे, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, १९५१ मध्ये मालगुजारी संपली. आमच्या भागातल्या मालगुजारांच्या वाड्यांचं पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत. कुठे एक ओसरी उभी आहे, कुठे नुसता दरवाजा. दारावरची पितळी फुलं केव्हाच निघाली. पुढे स्टील आलं आणि उरलेलं पितळही मोडीत निघालं. गोंदिया ज्याच्यातून १ मे १९९९ ला वेगळा झाला तो भंडारा तर पितळेच्या भांड्यांचं गाव म्हणून ओळखला जातो. पण त्याच भांड्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे घेऊन आमच्या आया-सासवा खूश झाल्या. त्यांना तरी कसा दोष द्यायचा? पितळ रोज घासायचं कुणी? चिंच, राख आणि दुखणारे हात त्यांचेच होते.

इथेच मला कमलाबाई आठवतात. कमलाबाई केळकर, दिनकररावांच्या पत्नी.

त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की संग्रहासाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी आपले दागिने दिले. ऐकणारे मान डोलावतात, केवढा त्याग म्हणतात आणि पुढच्या दालनात जातात. मला मात्र हे दागिन्यांचं कौतुक अर्धवट वाटतं. दागिने एकदा दिले की संपलं. पण ज्या घरात रोज नवीन म्हणजे जुनीच वस्तू येते, त्या घरात रोजचं काम काय असतं ते बघा ना. कुठल्या तरी वाड्यातून आलेली समई. तिच्यात वर्षानुवर्षांचं तेल गोठलेलं, काजळी धरलेली. ती स्वच्छ करायची, पण इतकी नाही की नक्षी झिजेल. लाकडी चौकटीला वाळवी आहे का ते उन्हात ठेवून बघायचं. जुना शालू आला तर तो घडीवर चिरतो, म्हणून घडी बदलत राहायची, कडुनिंबाचा पाला घालायचा. पुण्याचा पाऊस आपल्या गोंदियासारखा कोसळत नसला तरी दमट हवा ती दमटच, पितळेवर हिरवट बुरा यायचाच. वस्तूंना जागा करून द्यायची म्हणजे आपली माणसं आक्रसून घ्यायची. दुकानातून आलेला पैसा घरखर्चाच्या आधी एखाद्या दौतीवर गेला, तर त्या दिवशीच्या आमटीत पाणी कुणी वाढवायचं? आणि घर बघायला कुणी आलं, तर चहा! संग्रह दिनकररावांचा होता, पण तो राहत होता कमलाबाईंच्या घरात.

बरं, हे सगळं करत होती ती कोण? जिचं सात वर्षांचं पोर गेलं ती आई. दिनकररावांच्या दुःखाला वस्तूंमध्ये वाट मिळाली असं सगळे म्हणतात. ते फिरायला निघत, शोध घेत, घासाघीस करत, वस्तू मिळाल्याचा आनंद त्यांना होई. कमलाबाई घरी. मुलाचं नाव ज्याला द्यायचं तो संग्रह फडक्यानं पुसत. मी स्वतः दोन मुलांची आई आहे, त्यामुळे असेल, पण संग्रहालयाच्या जिन्यावर मला एकदम बसावंसं वाटलं. बरोबरच्या वन्संना वाटलं गुडघे दुखताहेत. मी तसंच समजू दिलं.

पाटीवर मुलाचं नाव आहे, नवऱ्याचं आहे, आडनाव आहे. कमलाबाईंचं नाही. कुणी मुद्दाम गाळलं असं नव्हे हो. मुलाच्या नावात आईचं नाव लिहायची पद्धतच नव्हती! हल्ली दाखल्यावर आईचं नाव लिहितात. तेव्हा असतं तर पाटी थोडी लांब झाली असती, इतकंच.

१९६२ मध्ये या घरगुती संग्रहाला रीतसर संग्रहालयाचं रूप आलं. तोवर वस्तू पंधरा हजारांच्या घरात गेल्या होत्या. आणि १९७५ मध्ये केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. विकला नाही, दिला. ऐंशीला आलेला माणूस होता. त्यांच्या वस्तूंची विलायतेत काय किंमत आली असती ते त्यांना कळत नसेल असं नाही. पण त्यांनी आयुष्यभर घरंच्या घरं वाटणीत फुटताना बघितली होती. एका भावाकडे समईचं खोड, दुसऱ्याकडे तबकडी, अशा घरांतूनच तर त्यांचा संग्रह झाला होता! आपल्यामागे आपल्याच वस्तूंची तशी गत होऊ नये, यासाठी यापेक्षा पक्का उपाय कुठला? पुढे पुणे विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. त्यांना सगळ्यात मोठा आनंद मात्र मुलाच्या नावाची पाटी लोक वाचतात याचाच असणार, असं माझं आपलं मत.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली आणि आश्चर्य वाटलं. संग्रहालयात आपल्याला दिसतात त्या वस्तू अडीच हजारांच्या आसपास. वीस हजारांतल्या अडीच हजार! म्हणजे आठातली एक. उरलेल्या सात आत, कपाटांत, पेट्यांत. आधी वाटलं, हे काय, लपवून ठेवायचं असेल तर जमवलं कशाला? घरी आल्यावर विचार केला, की आपण तरी काय करतो? सगळ्या साड्या का दांडीवर टांगून ठेवतो? उजेडानं कापडाचा रंग उडतो, कागद पिवळा पडतो, म्हणून अशा वस्तू आलटून पालटून मांडायच्या, काहींना विश्रांती द्यायची. आत ठेवलेल्या वस्तूंचीही पडताळणी करावी लागते. वही समोर घेऊन एकेक नंबर मिळवायचा. आहे का, जागेवर आहे का, तडा गेलाय का, कीड लागलीय का. वीस हजार वेळा! वस्तू बघायला लोक तिकीट काढून येतात, पण ही वही बघायला कुणी येत नाही. आणि खरं संग्रहालय त्या वहीत असतं.

हे मी एवढ्या ठामपणे म्हणते, कारण त्यावरून आम्ही चांगलेच तोंडघशी पडलोय.

झालं असं, की गुंडाची गोष्ट मी आमच्या बचत गटांच्या बैठकीत सांगितली. आमगाव तालुक्यातल्या एका गावच्या बायका होत्या. प्रत्येकीला आपल्या घरचं काही ना काही आठवायला लागलं. कुणाकडे आजीची पायली, कुणाकडे सुईणपण करणाऱ्या आजेसासूची पेटी, कुणाकडे धान मोजायचा कुडव, मोठं जातं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. उत्साहाच्या भरात ठरलं, की गावातच एक खोली मिळवायची आणि सगळं तिथे मांडायचं. पंचायतीच्या मंडळींनी एक रिकामी खोली दिली. महिन्याभरात तीसेक वस्तू आल्या. आम्ही त्या घासूनपुसून लख्ख केल्या, जुन्या साड्यांच्या पडद्यांवर मांडल्या, वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून डिंकानं चिकटवल्या. उद्घाटनाला गाव लोटलं. फोटो काढले. मला तर वाटलं, झाले मी कमलाबाई!

मग पावसाळा आला. आपल्याकडचा पावसाळा, तो भातालाच मानवतो. खोलीचं एक कौल सरकलेलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पंधरा दिवसांनी दार उघडलं तर डिंक सुटलेला, शाई पसरलेली, चिठ्ठ्यांचा लगदा जमिनीवर. सुपाला आणि टोपल्यांना बुरशी. पितळ बचावलं, लोखंड गंजलं. पण खरा घात चिठ्ठ्यांनी केला. दोन पायल्या होत्या, एकसारख्या. एकीवर थोडी नक्षी, दुसरी साधी. दोन घरच्या बायका म्हणू लागल्या, नक्षीची आमची. दोघींच्या आजीची आठवण खरी, दोघींचा आवाज खरा, आणि आमच्याकडे कागद नाही. मी मध्ये पडले तर दोघींनाही मी परकी झाले. शेवटी नक्षीची पायली कुणीच नेऊ नये असं ठरलं. पण त्यातली एक बाई त्या दिवसापासून गटात यायची बंद झाली, ती आजतागायत आलेली नाही. रस्त्यात भेटली तर बोलते, पण अंतर ठेवून. चूक तिची नाही, माझी आहे. मी गावाला मांडायला शिकवलं, लिहून ठेवायला शिकवलं नाही.

त्यानंतर मात्र आम्ही शहाण्या झालो. आधी एक जाड पुठ्ठ्याची नोंदवही आणली. रकाने पाडले. वस्तूचं आपल्या बोलीतलं नाव, तिचा उपयोग, कुणाच्या घरची, कोणत्या गावाहून आली, कुणी आणून दिली, तारीख, सही किंवा अंगठा. कायमची दिली की ठेवायला दिली, हा रकाना वेगळा, कारण सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. एका प्रतीवर भागत नाही म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या घरी. नंबर कागदावर नाही, वस्तूवरच घालायचा. वस्तूच्या बुडाशी किंवा मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, आधी पारदर्शक नखपॉलिशचा एक बारीक पट्टा, वाळल्यावर त्यावर बारीक ब्रशनं आकडा, वर पुन्हा पट्टा. काढायचा झाला तर वस्तूला न खरवडता निघतो. मोठ्या संग्रहालयांतही साधारण याच तत्त्वानं काम चालतं, त्यांचं साहित्य चांगल्या प्रतीचं असतं एवढंच. टोपल्यांना मात्र सुती नाडीनं कापडी पट्टी बांधतो.

आणि हो, घासणं बंद! हे बायकांना पटवताना माझ्या नाकी नऊ आले. पाहुण्यासमोर काळं भांडं ठेवायचं म्हणजे आपलीच अब्रू गेल्यासारखं वाटतं ना. पण पितळ-तांब्याची भांडी सारखी आंबटानं घासली की दर वेळी धातूचा एक थर जातो, नक्षी बोथट होते, कोरलेली अक्षरं पुसट होत जातात. मऊ कोरड्या फडक्यानं पुसायचं, हात लावण्याआधी घाम टिपायचा. कारण घामानंही डाग पडतात. माझ्या गुंडावर मी चिंचेचा कोळ लावला नसता तर नाव दिसलं नसतं, हेही खरंच आहे म्हणा. नियम मोडून झालेला फायदा!

एक गोष्ट मात्र मी बायकांना पहिल्या दिवसापासून बजावून सांगते. शेतात नांगराखाली मूर्ती, नाणी असं काही निघालं तर ते आपल्या खोलीत आणायचं नाही. ते सरकारला कळवायचं असतं, तसा १८७८ पासूनचा कायदा आहे. जुन्या मूर्तींची नोंदणी १९७२ च्या कायद्याखाली येते. आमची खोली घरात वापरलेल्या वस्तूंपुरती. एवढं पाळलं की रात्री झोप लागते.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघी जणी किल्ली घेऊन जातात. झाडतात, कौलं बघतात, कपाटाखाली वाळवीची माती आहे का ते चाचपतात, वहीवर बोट ठेवून नंबर मिळवतात. याला पाऊण तास लागतो. त्या दिवशी खोली बघायला कुणी आलेलं नसतं. पहिलं वर्ष आम्ही हे काम कुणाला तरी सांगायचो, की जमलं तर बघून ये. ते कधीच कुणाला जमलं नाही. मग पाळी लावली. आता पाळी चुकली तर पाच रुपये दंड, तो गटाच्या खात्यात. पुण्याच्या संग्रहालयाच्या कामाशी याची तुलना करणं म्हणजे वेडेपणाच. पण फडकं हातात घेतल्यावर मला कधीकधी वाटतं, की शुक्रवार पेठेतल्या त्या घरातही सुरुवात अशाच एका फडक्यानं झाली असेल. वीस हजार वस्तूंच्या आधी तिथेही कधी तरी तीसच होत्या.

वहीत आम्ही एक रकाना मागाहून वाढवला आहे. वस्तू वापरणाऱ्या बाईचं नाव. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. तो भरताना फार वेळ लागतो. बायका अडखळतात, आत्यांना, मावश्यांना फोन करतात, कधी कधी जुनी लग्नपत्रिका घेऊन येतात. काही जागा अजून कोऱ्या आहेत. जुन्या नोंदींसाठी आम्ही पुन्हा घरोघरी जातोय. नक्षीच्या पायलीच्या रकान्यात दोन्ही घरच्या आज्यांची नावं लिहिली आहेत, एकाखाली एक. त्या बाईला हे कळवलंय. ती अजून बघायला आलेली नाही.

गुंड आता त्याच खोलीत आहे. यजमानांनी स्वतः नेऊन ठेवला, सही त्यांनीच केली, कायमचा दिला असं लिहून. सासूबाईंचं ते नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना पेपरात आलेलं आवडलं नसतं. वहीत मात्र लिहिलंय. नंबर एकतीस. चेप तशीच ठेवली आहे.